वाटीवर वाजणारा चमचा

मंगळवार, १४ जुलै १९९८, संध्याकाळ

ओमकारला सकाळपासून उलट्या-जुलाब. डॉक्टर म्हणाले, साखर-मिठाचं पाणी पोटात टिकलं तर ठीक, नाहीतर सलाईन लावू. पाणी मीच केलं. उकळून गार केलेलं, माप बरोबर. दोनदा पाजलं, दोन्ही वेळा त्यानं सगळं माझ्या साडीवर काढलं. मग आक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या जावेनं, त्याच्या मोठीआईनं, त्याला मांडीवर घेतलं. वाटीवर चमचा वाजवला, टिंग. त्यानं तोंड उघडलं. एक चमचा, जरा थांबायचं, परत टिंग. थेंबही बाहेर आला नाही.

"आगं, भडाभडा वतू नको. पोराला दम खाऊ दे की," म्हणाल्या. सासूबाईंच्या देखत म्हणायची काय गरज होती?

मी शाहूपुरीत ऑफिसला, त्या दिवसभर त्याच्याजवळ, हे मला कळत नाही का? कळतं. म्हणूनच तो चमचा घरामागच्या परड्यात भिरकावून द्यावासा वाटला. पोर माझं आणि ऐकणार त्यांच्या चमच्याचं.

मघाशी आक्का धारा काढायला गोठ्यात गेल्या. मी दार पुढं केलं, वाटी घेतली आणि त्यांच्यासारखाच चमचा वाजवला. लाज वाटली, पण वाजवला. ओमकारनं डोळे न उघडताच तोंड उघडलं. चार-पाच चमचे पोटात राहिले. मग पुटपुटला, "बास, मोठीआई."

मी "हूं" म्हटलं आणि परत चमचा वाजवला.