कारखान्यातला वटवट्या

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९८२
आज पण तेच! घरी पाठवायची कॅसेट भरायला बटण दाबलं की ह्याचा गळा सुटलाच. अंगठ्याएवढं पाखरू हा वटवट्या, शेपटी वर करून डाळिंबात बसतो— चिर्रलिप, चिर्रलिप, चिर्रलिप! गावाला परसात हाच, इथं आखातात, जनाबियात पण हाच. ह्याला व्हिसा दिला कुणी?

आईला एवढंच सांगायचं होतं, हिद्दच्या कारखान्यात फिटर आहे, मजेत आहे. खोटं बोलायला पण शांतता लागते! फिटर म्हणून आणलं आणि हातात दिली पाण्याची नळी. 'माडांना पाणी घालायला जन्मलो नाय मी,' असं आबांशी भांडून आलो. आता हमीदशेठच्या बंगल्यात खजुरींना घालतो. वर फिटरचे म्हणून घरी महिन्याला बाराशे रुपये. त्यात पाचशे खोलीतल्या शिवदासचे उसने.

१३ फेब्रुवारी
दगड मारला. वटवट्या जागच्या जागी. शेठच्या गाडीचा आरसा खलास.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी
गावचा दत्ताराम उद्या रजेवर जातोय. कॅसेट आजच द्यायची! शिवदास, मलबारी ड्रायव्हर, म्हणाला, 'फॅक्टरी में आवाज होना मंगता!' मी बोलत होतो, तो पान्यानं बादली बडवत होता. मधेच घाई करणाऱ्या अरबी मुकादमासारखा ओरडला, 'यल्ला, यल्ला! बॉयलर बंद करो!' हसू दाबून पोट दुखलं. पण बादली ऐकून वटवट्या जास्तच पेटला. पुन्हा भरायला वेळ नाही. 'चिडिया कौन सुनता है?' शिवदास म्हणे.

४ मार्च
डाळिंबात घरटं केलंय मेल्यानं. पाणी लांबूनच सोडतो.

शुक्रवार, २६ मार्च
दत्ताराम आला. आईची कॅसेट. पहिलंच वाक्य— 'बाबू, कारखान्यात वटवट्या कसा रे? तो झाडपाल्यात असतो. आणि ती बादली बडवू नको, तळ जाईल तिचा.'

मेलो! दत्तारामकडे बघितलं. 'मी काय नाय बोललो,' म्हणाला. 'तिनं तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा तर फक्त पाखरूच ऐकत होती.'

कॅसेटमध्ये मागं आमच्या परसातला वटवट्या ओरडत होता. तर इथला खिडकीत येऊन त्याच्याशी भांडायला लागला!

मग खोकला. आबा. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलले. 'पाणी बुंध्यावर मारू नको. मुळाशी सोड. आणि फिटरएवढे पैसे नकोत. पोटभर जेव.'

शनिवार, २७ मार्च
मनाम्यात बँकेत जाऊन घरी पाठवायचा ड्राफ्ट काढला. कुणाचे उसने नाहीत. रुपये सातशे.