रॉयल जेलीच्या सहा डब्या

भिवंडी, रविवार

रॉयल जेलीच्या सहा डब्या मला खरंच कितीला पडल्या? सहा महिन्यांना. डॉक्टर म्हणत होते, "तुमचीही तपासणी करा." मी कॅप्सूल गिळून आंबट ढेकर देत बसलो. मूल होत नाही म्हणून सुया टोचून घेतल्या त्या एकट्या माझ्या बायकोनं, सुनंदानं. शी!

विकणारा आपला दोस्त दिनकर. छाती ठोकून सांगायचा, "शेठ, राणीमाशीचा खुराक हाय. आमचा बंटी याच्यावरच झाला!"

आज त्याच्याकडे चहाला गेलो. लूमच्या खडखडाटात तुटलेला धागा ओळखणारा माझा कान. आत वहिनी सुनंदाला सांगत होत्या, "बंटी जूनमध्ये तिसरीत जाईल."

पुन्हा तोच आंबट ढेकर. उद्या तपासणीला जातो.

दिनकरनं स्वतः या जेलीची पहिली डबी पाहिली तीच मुळी गेल्या दिवाळीत.