आजीला सापडतंय, अजून आत ढकला

ता. १७, मंगळवार, दुपारचे तीन

चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला वेळ कोणाला आहे. न्हाणीघरातला नळ गळत होता, तो भिंगरीने वायसर बदलून बंद केला. तुझी लेक तुझ्याच हातावर गेली आहे, पाना असा धरते की जन्मात दुसरं काही केलंच नाही. अक्षर वेडंवाकडं आहे ते समजून घे. चौथीनंतर पाटी सुटली, आणि राग आला की माझी ओळ रेघ सोडून पळते. आज राग आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं आई, ठेवतो" म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

आधी आनंदाचं लिहिते. दोन महिने भिंगरी माझ्याकडे आहे नि घर भरल्यासारखं झालंय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ध्यात तिचा कॉम्प्युटर, अर्ध्यात माझी भाजी. लोकांच्या वेबसाइटी करते. एक दाताच्या डॉक्टरीणबाईची केली, एक चपला शिवणाऱ्याची, आता वाचनालयाची चालू आहे. मी तपासनीस. पान तयार झालं की माझा काच तडकलेला जुना फोन माझ्या हातात देते आणि स्वतः हाताची घडी घालून बसते. बोट दाखवायचं नाही, सांगायचं नाही. मला एका मिनिटात सापडलं तर पान पास. नाही सापडलं तर पान नापास, आजी नाही. असा नियम आमच्या शाळेत असता तर मी पुढे शिकले असते की रे.

तिची मतं ऐकलीस का कधी? मी भाजी निवडता निवडता रोज ऐकते. म्हणते, "आजी, या मोठ्या कंपन्या आधी फुकट देतात, सवय लागली की दोरी आवळतात." पूर्वी वस्तू घेतली की आपली असायची, आता सगळं जन्मभर भाड्याने. कोणी लहान माणसाने चांगलं काही काढलं की मोठा त्याला विकत घेतो नि टाळं ठोकतो. आता एकाने ते बोलकं यंत्र बसवलं, तर सगळ्यांना तेच हवंय, मेंढरं परवडली. फोन उचलणारी माणसं घरी बसवली आणि यंत्र म्हणतं, "मला समजलं नाही, पुन्हा विचारा." मी म्हटलं, अगं, एवढंच बोलायचं होतं तर तुझ्या आजोबांना नोकरी द्यायची, ते पन्नास वर्षं मला हेच म्हणत होते. दोघी पोट धरून हसलो.

हसू ओसरल्यावर म्हणाली, "त्यांना माणूस नको असतो आजी, आलेख वर जायला हवा असतो." आलेख म्हणजे वर चढणारी रेघ. ती जरा वाकली की साहेबांना ताप भरतो.

आता रागाचं. तू चारचौघांत सांगतोस की पोरीने सोन्यासारखी नोकरी लाथाडली, डोक्यात हवा गेली. तिला म्हणालास, दुसरी नोकरी लागेपर्यंत दारात येऊ नकोस. मला सूनबाईने सांगितलं. ती बिचारी नळ सोडून, आवाज झाकून फोन करते. तिला काही बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

काय झालं ते नीट ऐक. कंपनीत होती तेव्हाही भिंगरी सुट्टीला आली की माझ्याकडून पानं तपासून घ्यायची. एकदा म्हणाली, "आजी, या पानावर 'सेवा बंद करा' हे बटण कुठे आहे शोध." मला चार मिनिटांत सापडलं. पुढच्या सुट्टीत दहा मिनिटं लागली. तिसऱ्या खेपेला सापडलंच नाही. मला वाटलं, झालं, आपलं डोकं गेलं. कोणाला बोलले नाही, चार रात्री झोप नाही.

परवा भिंगरीने सांगितलं तेव्हा कळलं. तिने कौतुकाने ऑफिसात सांगितलं होतं, माझी आजी पानं तपासते म्हणून. साहेब हसला आणि म्हणाला, "आजीला सापडतंय? मग अजून आत ढकला." भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं होतं म्हणे. आजी, चार मिनिटं. आजी, दहा मिनिटं. मी हरले तेव्हा मेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाळ, मला जन्मभर लोक अडाणी म्हणाले, मी ऐकून घेतलं, कारण आहेच. पण माझ्या अडाणीपणाची फूटपट्टी करून जगातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना कोंडायचं? तू लिफ्ट दुरुस्त करतोस. माणूस आत अडकला तर दाबायचं ते लाल बटण तू कधी पायपुसण्याखाली बसवलंस का? तसं सांगणाऱ्याच्या तू थोबाडीत दिली असतीस. भिंगरीने नाही दिली. भांडली, आणि मग ऐकलं. दोन वेळा ते 'सेवा बंद करा' तिनेच आत ढकललं. खोटं कशाला लिहू.

पण नोकरी तिने त्यावर सोडली नाही. माझ्यावरून सोडली. हे तुला सांगायचं नाही असा मीच तिच्याकडून शब्द घेतला होता. म्हणून ती तुझ्या शिव्या खाली मान घालून ऐकते.

बाबांच्या गोळीची आठवण करणारं ते तू माझ्या फोनात बसवून दिलं होतंस ना, लेकीच्या कंपनीचं म्हणून हौसेने? रोज सकाळी आठला फोन वाजायचा आणि एक बाई गोड आवाजात विचारायची, "आजोबा, गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा." तुझ्या बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. ती अजून विचारत होती. एक नाही दाबलं तर पुन्हा वाजायचा, पुन्हा वाजायचा. बंद करायला गेले तर बटण सापडेना. मग मी एक दाबू लागले. रोज. भिंगरीला वाटायचं, तू केव्हाच बंद केलं असशील.

दोन महिन्यांपूर्वी ती राहायला आली आणि सकाळी तिने ऐकलं. "आजी, काय करतेस?" म्हटलं, आजोबांनी गोळी घेतली म्हणून सांगते. ती भिंतीसारखी पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी जाऊन राजीनामा देऊन आली.

ती तेव्हाच बंद करून देत होती. मी नको म्हटलं. कारणं दोन. एक म्हणजे मला त्या आवाजाची सवय लागली होती. घरात अजून कोणीतरी त्यांचं नाव काढतंय असं वाटायचं. याच सवयीवर पोट भरतात मेले. आणि दुसरं म्हणजे तू. मी एक दाबलं की तुझ्या फोनवर निरोप जायचा, बाबांनी गोळी घेतली. सव्वा वर्ष तुला रोज तो निरोप येत होता. तू एकदाही विचारलं नाहीस, आई, कोण दाबतंय? मला वाटायचं, तुला तो हवा असेल. म्हणून दाबत राहिले.

त्या फळ्याचं ऐकलं आणि काल बंद केलं. मी स्वतः. भिंगरी हाताची घडी घालून समोर, डोळे पुसत. बावीस मिनिटं लागली. एका पानावर रडका चेहरा आला, "जाताय? आता आजोबांची काळजी कोण घेणार?" फोन फेकून मारणार होते. शेवटी कारण विचारलं. निवडायला चारच होती. परवडत नाही, दुसरी सेवा घेतली, फोन बदलला, वापर कमी झाला. माणूस गेला, हे कारण एवढ्या शिकलेल्यांत एकालाही सुचलं नाही. मी "वापर कमी झाला" दाबलं. बावन्न वर्षांचा संसार, बाळ. वापर कमी झाला.

हे पत्र पोचेपर्यंत दोन-तीन सकाळी तुला निरोप आला नसेल. दचकला असशील. दचकलास तर बरं, म्हणजे अजून माझाच मुलगा आहेस.

आठ वाजता आता फोन मोकळा असतो. मी जवळच बसते, पण उचलणार नाही, भिंगरी उचलेल. काय बोलावं सुचलं नाही, तर नळाला वायसर कुठल्या मापाचा टाकलास, एवढंच तिला विचार.

आठाची वाट बघणारी,
तुझी अडाणी आई