महास्नानगृहातला राजा

सर, तुम्ही आम्हाला वर्गात सांगितलेलं एक वाक्य खोटं निघालं आहे. खोटं म्हणजे, त्याला कुठेच आधार सापडत नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात दर पौर्णिमेला राजा स्नानाला उतरत असे आणि प्रजा काठावर उभी राहून बघत असे, हे ते वाक्य. कल्याणच्या आपल्या शाळेत, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असताना तुम्ही ते सांगितलंत आणि आम्ही सगळे ताठ बसलो. पुढे मी त्याच शाळेत इतिहास शिकवायला लागले आणि गेली बावीस वर्षं प्रत्येक सहावीला ते वाक्य सांगत आले. मुलं अजूनही ताठ बसतात.

आधार मागायला तुम्हीच मला शिकवलंत, हा त्यातला खरा वैताग. इजिप्तवरचा निबंध मी गाइडमधून उतरवला होता, तेव्हा तुम्ही मला फळ्याशी उभं करून विचारलंत, "हे ज्यानं लिहिलं, त्याला कसं कळलं?" मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक कोरी वही दिलीत. तिच्या पानांवर तुम्ही स्वतः तीन रकाने आखले होते: वाक्य, कुठे मिळालं, त्यांना कसं कळलं. आज मी माझ्या मुलांना तेच रकाने आखायला लावते. बहुतेक जण दुसऱ्या रकान्यात 'गूगल' लिहितात आणि तिसरा रिकामा सोडतात. एकाच ठिकाणचा मजकूर चाळीस वह्यांत, चुकांसकट. कुणी तर पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधल्याचा व्हिडिओ आणतं आणि वर माझ्याशीच वाद घालतं. तपासून तपासून मी थकले आहे, सर. आता बहुतेक वेळा नुसती सही करते.

यंदा आठवीत एक मुलगी आहे, मोहन्याहून येते. ठाण्याला शाळाशाळांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी तिनं हडप्पा संस्कृती घेतली आणि तिन्ही रकाने खरोखर भरले. प्रत्यक्ष उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं कुठलं आणि ते वाचून दुसऱ्यांनी लिहिलेलं कुठलं, हेसुद्धा तिनं वेगळं लावलं. एवढं तर आमच्याकडे सरावाचे पाठ घ्यायला येणाऱ्या बीएडच्या मुलींकडेही मी पाहिलेलं नाही. फक्त एका वाक्यापुढे दुसऱ्या रकान्यात 'मॅडम' लिहिलं होतं, आणि तिसऱ्यात 'विचारायचं आहे'.

"मॅडम, ते पौर्णिमेचं कुठेच नाही मिळत. त्यांची लिपी तर अजून कोणाला वाचताच येत नाही ना? मग राजा होता, हे तरी कसं कळलं?"

"बघून सांगते," मी म्हणाले. रविवारचा अर्धा दिवस ठाण्याच्या एका ग्रंथालयात घालवला. काही सापडलं नाही. घरी येऊन माळ्यावरची सहावीची वही काढली, तर ते वाक्य माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, तुमच्याच तोंडून उतरवून घेतलेलं. तुम्ही शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळला होतात, तेव्हा मी कितीदा कळव्याला यायचे. तुम्हाला मोसंबी सोलून देता देता आपण अख्खा मेसोपोटेमिया बोलून काढायचो. पण हे विचारावं असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणजे ते असणारच.

सोमवारी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. मी म्हणाले, "एका जुन्या पुस्तकात आहे ते. आता मिळत नाही." तोंडातून निघून गेलं. तुम्हाला कुणी खोटं म्हणू नये म्हणून बोलले, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे आजवरच्या सगळ्या वर्गांपुढे मीच तोंडावर पडणार होते. तिनं तिथल्या तिथे पेन काढून लिहून घेतलं.

प्रदर्शनात परीक्षक बाई तक्ता मन लावून वाचतात, मान डोलावतात आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतात. "कुठलं पुस्तक? लेखक कोण?" मुलगी माझ्याकडे बघते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. मी पर्समधून पाण्याची बाटली काढते आणि पाणी पिते. "नाव माहीत नसेल तर लिहायचं नाही, बाळा," असं म्हणून बाई पुढच्या टेबलाकडे जातात. तिचा नंबर आला नाही. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "सॉरी मॅडम, मी तुम्हाला पुस्तकाचं नाव विचारून ठेवायला पाहिजे होतं." ती माझी माफी मागत होती, सर.

तुम्ही असता तर कदाचित हसून म्हणाला असता, "अगं, पोरं पेंगत होती म्हणून सांगितलं." मग मला तुमच्याशी भांडता तरी आलं असतं. तुमचा राग येतोय, आणि तो येतोय याचंच जास्त वाईट वाटतंय. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहून टाकते: मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. शनिवारी शाळा लवकर सुटते. ती दर शनिवारी कल्याण-डोंबिवलीतलं एकेक वाचनालय धरून ते पुस्तक शोधते आहे. काल मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, निदान कव्हरचा रंग तरी आठवतो का?"

मी म्हणाले, "निळा."