'नको'चा अर्थ

प्रिय शहाणे,

अक्षर लागत नसेल तर डोळे ताणून वाच, पण एकटीच वाच. फोन केला असता, पण फोन तुझ्या बापाचा, आणि तो सतत शेजारी बसलेला. इथे दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको तुझ्याच गावाला परत निघालीय, तिच्या हाती हे धाडते.

तुम्ही भाषावाले एकमेकांना प्रश्न विचारता ना, तो ग्रुप तुझ्या बापाने मला वाचून दाखवला. कुणाला हवंय, आत्याच्या नवऱ्याला कुठकुठल्या भाषेत काय म्हणतात. कुणाला घोर लागलाय, पोपट बोलतो त्याला बोलणं म्हणावं का. आणि त्यांच्या मधोमध तू! पक्षाघातानंतर एका वृद्धाकडे 'नको' एवढाच शब्द उरलाय, त्याला अर्थ असेल का? ज्या आजोबाच्या खांद्यावर बसून तू केस उपटलेस, तो 'एक वृद्ध'. रागावले नाही मी. सुतारीण असतीस तर सुतारांना विचारलं असतंस.

उत्तरं ढीगभर आली. पहिला म्हणाला, मेंदू दुखावला की एखादा शब्द अडकून बसतो, तो नुसता आवाज. दुसरी म्हणाली, सूर ऐका. तिसऱ्याने विचारलं, 'नाही'च्या जागीही 'नको'च म्हणतात का? हा मला बरा वाटला. लगेच करून पाहिलं. आज सोमवार का हो? नको. मी तुमची सासू का? नको. ती शेजारची बाई खुदकन हसली, मलाही हसू आलं. तर 'नाही' गेलंय त्यांचं. पण काल जाते म्हणून उठले, तर 'नको' म्हणाले आणि मी परत बसेपर्यंत माझ्यावरून नजर काढली नाही. मग तोंड पुसू का विचारलं, तर नको म्हणत तोंड पुढे केलं. यातून तुला काय काढायचं ते काढ, मला काही निघत नाही.

नाकातली अन्नाची नळी उपटून काढतात म्हणून हात खाटेच्या दांडीला बांधलेत. नर्स म्हणते, पट्टी मऊ आहे हो आजी. मनगटं सोलून निघालीत. पाठीला जखम झालीय, कूस बदलताना वास येतो. डॉक्टर सरळ माणूस आहे. म्हणाला, यातून उठणार नाहीत. पोटाला भोक पाडून तिथून अन्न घालता येईल, काही महिने निघतील, पण हात बांधलेलेच राहतील. नाहीतर नळी काढायची, ओठ ओले ठेवायचे, दुखू नये एवढं औषध द्यायचं. घरचे म्हणाल तसं.

घरचे म्हणजे मी आणि तुझा बाप. तो त्या पहिल्या उत्तराला घट्ट धरून बसलाय. नळी पाहिली की हे नको म्हणतात आणि हा म्हणतो, आई, तो नुसता आवाज आहे, शिकलेल्या माणसाने लिहिलंय. मी म्हटलं, अरे, त्या शिकलेल्याने तुझ्या बापाचं तोंड तरी पाहिलंय का? तर जिन्यात जाऊन रडतो, परत येतो, पुन्हा तेच. तुला बाबांना उपाशी मारायचंय, असंही काल म्हणून झालं. म्हणू दे. बोलायला त्याला कुणीतरी हवंच.

पोटाचं ऑपरेशन बुधवारी सकाळी आहे. त्याच्या आत ये, आणि बापाला सांग की तुझ्या सगळ्या माणसांचं एकमत झालंय, आजोबांचं 'नको' म्हणजे नकोच. झालेलं नाही, ठाऊक आहे मला. तुला खोटं बोलावं लागेल आणि ते तुला जन्मभर टोचेल, तेही ठाऊक आहे. पण माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. तू विचारशील, आजी, तुझी तरी खात्री आहे का? नाही. बरोबर असेन, चूकही असेन. पण त्यांचे हात मला सोडवायचेत, आणि ते माझ्या एकटीने होत नाहीये.

तुझीच,
तोंडाळ आजी