एक महिना कमी

सातारा,
१६ एप्रिल २०२१

तीर्थस्वरूप आबांना,
संयोगिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सगळ्यात आधी एक विनंती. हे पत्र मनातल्या मनात वाचा. तोफखान्यातल्या नोकरीनं तुमचे कान नेले, म्हणून फोनवर आपलं बोलणं होत नाही आणि मी पत्र लिहिते. पण पत्रसुद्धा तुम्ही ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचता आणि माझी खुशाली निम्म्या पलूसला कळते. आजचं पत्र पलूसला कळायला नको. आईलाही लगेच नको.

माझी तब्येत बरी आहे. पोटातलं बाळ दुपारी झोपतं आणि मी जेवायला बसले की उठतं. जयराज कारखान्यातून आले की बाहेरच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. शेजारच्या बायकांना रोज फुकट करमणूक.

आता मूळ मुद्दा. आमच्या हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात सहा मशिनं, एकतीस पेशंट आणि मशिन चालवणारे आम्ही दोघंच, मी आणि इंद्रजित. मंगळवारी इंद्रजितचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याच्या छातीत बरंच उतरलं आहे म्हणतात. आता मी एकटी. किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घ्यावंच लागतं, कोरोना आहे म्हणून ते थांबत नाही. म्हणजे चार-चार तास मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. बाकी सगळ्यांना फेब्रुवारीत लस मिळाली. गरोदर बाईला द्यायची नाही, असा नियम आहे, त्यामुळे मी कोरडीच.

नियमांचं तर विचारू नका. गेल्या वर्षी म्हणे गरोदर बायकांनी कामावर यायचंच नाही. मग अत्यावश्यक सेवेतल्यांनी यायचं. मग यायचं, पण पेशंटला हात लावायचा नाही. परवा आमच्या हॉस्पिटलनं नवी नोटीस लावली: सात महिने, म्हणजे अठ्ठावीस आठवडे पूर्ण झाले की विभागातून बाहेर काढून टेबलावरचं काम देणार. तोपर्यंत ड्युटी आहे तशीच.

आबा, माझे सात महिने ह्याच महिन्याच्या अखेरीस भरतात. पण ऑफिसच्या कागदावर ते मे महिन्याच्या अखेरीस भरतात. बाळंतपणाची तारीख वीस जुलै आहे आणि मी अर्जात वीस ऑगस्ट लिहिली आहे.

दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात आपल्यावर जे ओढवलं, ते तुम्ही विसरला नसाल. तेव्हा मी आनंदाच्या भरात गल्लीभर सांगत सुटले होते. ह्या वेळी आईनं शपथ घातली की खरा महिना कुणाला सांगायचा नाही, एक कमीच सांगायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. तसंच सांगत गेले. आमच्या हेडक्लार्कबाई आमच्याच गल्लीत राहतात. तोंडानं एक आणि कागदावर दुसरं कसं लिहायचं, म्हणून जानेवारीत अर्जावरही तसंच लिहून मोकळी झाले. तेव्हा साथ ओसरली होती. एक महिना इकडे-तिकडे झाल्यानं काय बिघडणार, असं वाटलं.

आता काय करू ते सांगा. आईला रागावू नका. तिला माझ्याएवढीच भीती होती.

काळजी कमी करा, माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
संयोगिता

*

पलूस, जि. सांगली
२२ एप्रिल २०२१

चि. सौ. संयोगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मनात वाचले. तुझी आई समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. ओठ हलले नाहीत म्हणून तिला संशय आला आहे. मी कारखान्याच्या ऊसबिलाचे पत्र आहे म्हणून सांगितले. तिचा विश्वास बसलेला नाही.

तुला रागवायला कागद पुढे ओढला आणि मग माझेच मला हसू आले. माझी जन्मतारीख एक जून. आमच्या वर्गातल्या अठरा पोरांची एक जूनच आहे, कारण गुरुजींना त्या दिवशी नाव दाखल करायची घाई होती. वर्षही त्यांनी अंदाजानेच घातले. त्या अंदाजापायी पलटणीने मला दोन वर्षे आधी घरी पाठवले. मी खूप अर्ज केले, पण पोच एकाचीही घेतली नव्हती. तेव्हा कागदावर चुकीची तारीख पडली की काय होते, ते तुझ्या बापाला ठाऊक आहे.

म्हणून ऐक. सोनोग्राफीचा पहिला रिपोर्ट घे, त्यावर तारीख असणारच. साधा चार ओळींचा अर्ज लिही: तारीख लिहिताना चूक झाली, दुरुस्त करावी. कारण लिहू नकोस, आईचे नाव तर नाहीच. दोन प्रती कर आणि एकीवर सही-शिक्का घेऊन ये. हे सत्तावीस तारखेच्या आत झाले पाहिजे.

रोज टीव्हीवर साताऱ्याचा आकडा येतो आणि माझ्या हातातला चहा तसाच राहतो. मी घाबरलो आहे, पोरी. हे तुझ्या आईला सांगत नाही म्हणून तुला सांगतो. पहिले बाळंतपण माहेरीच करायचे, पण आता जिल्ह्याच्या हद्दीवर नाके बसले आहेत. तुला आणता येत नाही आणि आम्हाला येता येत नाही. निदान एवढे तरी कर.

उत्तराची वाट पाहतो. जीव जपावा.

तुझा,
आबा

*

सातारा,
६ मे २०२१

तीर्थस्वरूप आबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसा अर्ज लिहिला. दोन प्रती केल्या. रिपोर्ट जोडला. गेले दहा दिवस तो माझ्या पर्समध्ये आहे.

रागावण्याआधी पुढचं वाचा. सत्तावीसला सकाळी मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले होते. मोठे डॉक्टर समोरून आले आणि त्यांनी विचारलं की तुमचे सात महिने कधी भरतात, तुम्ही गेलात की अर्धी मशिनं झाकून ठेवावी लागतील. मी म्हटलं, अजून महिना आहे, सर. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं आणि मी तशीच आत जाऊन मास्कवर मास्क चढवला.

आता खरं ते लिहिते. आधी ही थाप आईची होती. सत्तावीस तारखेपासून ती माझी आहे. मला ती सोयीची वाटायला लागली आहे. बाहेर पडायचं म्हटलं की पेशंटची तोंडं दिसतात, आणि आत राहायचं म्हटलं की पोटावर हात जातो. दिवसभरात दहा वेळा निश्चय करते आणि दहा वेळा मोडते. कुठल्याच खुर्चीत पाच मिनिटं बसवत नाही. जयराज विचारतात की अर्ज दिलास का, आणि मी भाजी निवडायला घेते.

म्हसवडहून धोंडुबाई येतात, सोमवारी आणि गुरुवारी. साठीच्या आहेत. मुलगा तात्याबा गाडी मिळवून पहाटे घेऊन निघतो. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. सोमवारी मी सुई लावत होते, तर माझ्या पोटाकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, की पोरी, ह्यो सातवा न्हाई, आठवा हाय, गाभण वळकायला मला मशिन लागत न्हाई. मग तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाल्या, की माज्याकडं त्वांड करून श्वास घिऊ नगंस. त्यानंतर चार तास त्यांनी मान वळवली नाही. आबा, मला तिथंच रडू आलं आणि चष्मा आतून भिजला.

पुढच्या सोमवारी अर्ज देते. नक्की देते. आईला काही सांगू नका.

तुमची,
संयोगिता

*

पलूस
१३ मे २०२१

चि. संयोगिता हिला आई बनुबाईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली बाई, चुकलं माकलं समजून घे. ह्यांनी तुझी पत्रं गादीखाली ठेवली व्हती. ऊसबिल कुणी गादीखाली ठेवतंय व्हय? दोन्ही पत्रं वाचली. एकेक वळ वाचाय लय येळ लागला, पर वाचली.

बाय माझे, दृष्ट लागू नये म्हणून मी तुला महिना चोराय लावला, आन त्योच महिना तुज्या मुळावर आला. मला काय ठावं, कागद आसा धरून बसत्यात. तुजं पयलं गेलं तवा तू तीन दिस भितीकडं त्वांड करून झोपलीस, पाणी सुदिक घेतलं न्हाईस. ते माज्या डोळ्याम्होरनं जात न्हाई. म्हणून बोलले. माजंच चुकलं.

तू सोमवारी अर्ज दिला नसशील, मला म्हाईत हाय. लहानपणी शाळंत ताप लपवून परीक्षेला बसलीस ती तूच. म्हणून मीच तुज्या मोठ्या डाक्टरास्नी पत्र लिवलंय. पत्ता तुज्या जुन्या पाकिटावर व्हता. लिवलं की डाक्टरसायेब, माज्या लेकीला आठवा हाय, सातवा म्हणून तिनं सांगितलं ते माज्या शपतेनं, दोष माझा, शिक्षा मला द्या, तिला त्या खोलीतनं भायेर काढा. खाली सही केली. पोष्टात मी सवता जाऊन टाकलं.

तू लय रागावशील. रागव. रागवाय तू आन ल्योक धड पायजेस, बास.

तुझी आई

ता. क. डॉक्टरांना लिहिलेले पत्र मला न विचारता गेले आहे. विचारले असते तर मी शुद्धलेखन सुधारून तेच पाठवले असते. — आबा

*

सातारा,
२४ मे २०२१

प्रिय आईस,
नमस्कार.

मंगळवारी डॉक्टरांनी बोलावलं. तुझं पत्र टेबलावर उघडं होतं. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, की माझ्याही घरी आई आहे. हेडक्लार्कबाईंनी तारीख खोडून नवी लिहिली आणि मला सही करायला लावली. तेव्हापासून मी तळमजल्यावर कागदांच्या खोलीत बसते आणि फोनवरून क्रांती सिस्टरला सांगते, कुठलं बटण, किती प्रेशर. ती शिकते आहे, पण तिच्याच्यानं तीनच मशिनं होतात. म्हणून निम्म्या पेशंटची पाळी आठवड्यातून एकदा केली आहे.

मी तुझ्यावर फार चिडले, आई. बत्तीस वर्षांची बाई, माझी नोकरी, माझा विभाग, आणि माझ्या आईनं साहेबांना चिठ्ठी पाठवली. शाळेत पाठवायचीस तशी. आठ दिवस तुझा फोन उचलला नाही तो मुद्दामच. आणि त्याच आठ दिवसांत मी डिसेंबरपासून पहिल्यांदा पोटभर जेवले. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

गुरुवारी विभागातले चार पेशंट पॉझिटिव्ह निघाले. त्यातल्या तिघांची पाळी बुधवारी-गुरुवारी होती. माझी तपासणी झाली, निगेटिव्ह आहे. अजून दोन दिवस तिकडे गेले असते तर काय झालं असतं, ते मला कळतं. तू बरोबर होतीस. पण मला तसं अजून म्हणायचं नाही.

आबांना नमस्कार. राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून ठेव.

संयोगिता

*

सातारा,
५ जुलै २०२१

प्रिय आईस,
सा. न.

दीड महिना पत्र लिहिलं नाही. फोनवर मी बरी आहे एवढंच सांगत राहिले. एक गोष्ट फोनवर सांगवत नव्हती.

धोंडुबाई गेल्या. अकरा जूनला. त्यांची गुरुवारची पाळी बंद झाली होती, सोमवारचीच उरली होती. छातीत पाणी झालं आणि म्हसवडहून निघेपर्यंत उशीर झाला. इंद्रजित बरा होऊन चौदा जूनला कामावर आला आणि त्याच दिवसापासून सगळ्यांच्या पाळ्या पूर्ववत झाल्या. तीन दिवस, आई. ह्या तीन दिवसांचं काय करायचं ते मला कळत नाही. तात्याबा कागद न्यायला आला होता. तो मला एक शब्दही लावून बोलला नाही. ताईंची सुखरूप सुटका होऊ दे म्हणाला आणि गेला.

डॉक्टर म्हणतात, त्यांचं हृदय आधीच खचलं होतं, हा हिशेब तुम्ही मांडू नका. मी मांडते. मी आत राहिले असते तर त्या कदाचित राहिल्या असत्या, आणि आतलं हे बाळ कदाचित नसतं. दोन्ही कदाचितच. तुझ्या पत्रामुळे माझं बाळ वाचलं, असं मी आता म्हणते. त्याच्या शेजारी धोंडुबाईही राहणार आहेत, जन्मभर. ह्यात तुझा दोष नाही. तू माझी आई आहेस, तू माझंच बघणार. त्यांचं बघणारी मी होते आणि मी तळमजल्यावर बसले होते.

आता दुसरं. परवा पुन्हा नियम बदलला. गरोदर बायकांनाही लस घेता येईल असं सरकारनं जाहीर केलं. काल नको होती, आज चालते. मी डॉक्टरांना विचारलं, बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोघंही घे म्हणाले. मला अडतिसावा आठवडा आहे. मला भीती वाटते. तुला माझ्या दुप्पट वाटेल, हेही मला दिसतं आहे. तरी मी गुरुवारी सकाळी जयराजना घेऊन लस घ्यायला जाणार आहे. मला कुणी पाठवत नाही, मीच जाते आहे.

पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल. तुला वाटेल ते लिही, शिव्या दे, शपथ घाल, नको म्हण. मी सगळं वाचेन. पण ह्या वेळी डॉक्टरांना लिहू नकोस, आई. मला लिही.

तुझी,
संयोगिता