रंगूच्या भावाला नको म्हटलं

मुंबई, गोदी
सन १९५४

सौ. रंगूस,

तुझा निरोप पोचला. ‘माझाच भाऊ नको झाला व्हय तुम्हांला?’ व्हय, मीच नको म्हटलं. मुकादमाने टोळीसाठी एक गडी निवडायला सांगितला. तुझा बुधाजी आणि चौलचा धर्माजी, दोघांना सारखीच गोण देऊन बोटीच्या फळीवरून चालवलं. मध्येच बुधाजीला भोवळ आली. मी धरला म्हणून वाचला. “भावोजी, कोणाला बोलू नका, माझं लगीन मोडंल,” म्हणाला.

तुला आलेलं पत्र गुरुजी ओटीवर सगळ्यांदेखत वाचतात. म्हणून हे धाडत न्हाय. उद्या दुसरं घालीन. त्यात एवढंच असेल, बुधाजीला माडावर चढू देऊ नकोस. मग माझ्यावर खुशाल रूस.

तुझाच,
रावजी